छायाचित्रांची राखण

बीड जिल्ह्यातील वडवणी हे तालुक्याचे गाव. दसरा-दिवाळीचे दिवस सरत आले, की या परिसरातील कितीतरी कुटुंबे बिऱ्हाड बांधून ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडी परततात. पुढे लग्नसराई सुरू होते. महिनोन्महिने दुरावलेले आप्तेष्ट एका मांडवाखाली जमतात आणि त्यांची छायाचित्रे घरोघरच्या मोबाइलवर टिपली जातात. एखाद्या छायाचित्रात नातवंडांच्या घोळक्यात बसलेली आजी असते. पुढे तो मोबाइल कधी पाण्यात पडतो, तर कधी प्रवासात हरवतो. पैसे साठवून नवा मोबाइल घेता येतो. परंतु आजी हयात नसेल, तर तिचे छायाचित्र पुन्हा मिळत नाही. छायाचित्र काढणे हे क्षणाचे काम आहे. ते राखणे मात्र वर्षानुवर्षांचे. या राखणीचीही एक रीत आहे.

मोबाइलवरील छायाचित्र हे डिजिटल छायाचित्र असते. म्हणजे वस्तुतः ती अंकांची एक लांबलचक यादीच होय. चित्राचे बारीक चौकोनी ठिपके पाडावयाचे आणि प्रत्येक ठिपक्याचा रंग अंकांनी लिहून ठेवावयाचा, ही त्यामागील युक्ती. १९५७ साली अमेरिकेत रसेल कर्श यांनी आपल्या तान्ह्या मुलाचे छायाचित्र या युक्तीने संगणकात उतरविले. त्यात उभे १७६ व आडवे १७६, म्हणजे एकूण ३०,९७६ ठिपके होते. आज मोबाइलवरच्या एका छायाचित्रात आडवे ४,००० व उभे ३,०००, म्हणजे १ कोटी २० लक्ष ठिपके सहज असतात. कागदावरचे छायाचित्र जुने झाले, की हळूहळू पिवळे पडते, तरी त्यातील चेहरा ओळखू येतो. अंकांची यादी मात्र साठवणीचे साधन बिघडताच एका क्षणात नाहीशी होऊ शकते. तिचा एक मोठा गुण असा, की तिची नक्कल मुळाबरहुकूम करता येते. राखणीची सारी मदार या गुणावर आहे.

लग्नाची छायाचित्रे काढणारा जाणता छायाचित्रकार परतल्यावर प्रथम कॅमेऱ्यातील कार्डावरची सर्व छायाचित्रे संगणकात उतरवून घेतो. त्यांची दुसरी प्रत अन्यत्र झाल्याखेरीज तो कार्ड पुसत नाही. मग तो निवड करतो. हललेली, डोळे मिटलेली, एकसारखी अशी छायाचित्रे तो काढून टाकतो. गहू निवडल्याशिवाय दळण टाकीत नाहीत, त्यातलाच हा प्रकार.

यानंतर नावे द्यावयाची. कॅमेरा आपण होऊन छायाचित्रांना केवळ अनुक्रमांक देतो. त्यावरून छायाचित्र कोणाचे व कोठले, याचा बोध होत नाही. म्हणून नावात दिनांक, स्थळ, प्रसंग व क्रमांक घालावा, जसे, ‘२०२५-०५-०९_वडवणी_लग्न_००१’. येथे वर्ष आधी, मग महिना, शेवटी दिवस, असा उलटा क्रम का? संगणक नावे लावताना डावीकडून एकेक चिन्ह पाहत जातो. दिवस आधी लिहिला, तर निरनिराळ्या महिन्यांतील आणि वर्षांतील सर्व नऊ तारखा शेजारी येऊन बसतील. वर्ष आधी लिहिले, की छायाचित्रे काळाच्या क्रमाने आपोआप लागतात. क्रमांकामागील शून्येही निरर्थक नाहीत. नुसते १, २, १० असे लिहिले, तर पुष्कळदा १ च्या पाठोपाठ १० येतो व २ मागे राहतो, कारण १० चे पहिले चिन्हही १ च आहे. ००१, ००२, ०१० असे लिहिल्यास हा घोटाळा टळतो. एका वर्षाचा एक फोल्डर व त्यात प्रत्येक प्रसंगाचा निराळा फोल्डर ठेवला, म्हणजे हवे ते छायाचित्र क्षणात सापडते.

पुढची पायरी संस्काराची. अंधारलेले छायाचित्र उजळणे, तिरपे झालेले सरळ करणे, कडेचा नको तो भाग कापणे, ही कामे संगणकावर करता येतात. परंतु ती नेहमी नकलेवर करावी; मूळ छायाचित्रास हात लावू नये. यास सबळ कारण आहे. बहुतेक छायाचित्रे ‘जेपेग’ या पद्धतीने साठविलेली असतात. थोड्या जागेत पुष्कळ छायाचित्रे मावावीत, म्हणून ही पद्धत डोळ्यांना सहसा न जाणवणारे बारकावे गाळून टाकते. बदल करून छायाचित्र पुनःपुन्हा साठविले, की दर वेळी आणखी काही गळते आणि गेलेले परत येत नाही. सुधारलेल्या प्रतीच्या नावापुढे ‘सुधारित’ हा शब्द जोडला, म्हणजे मूळ कोणते व नक्कल कोणती, याविषयी संशय उरत नाही.

सर्वांत महत्त्वाचे काम राखीव प्रतीचे. राखीव प्रत नसली, की काय होते, हे ‘आलम आरा’ या चित्रपटाने दाखविले आहे. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात झळकलेला हा भारताचा पहिला बोलपट. आज त्याची एकही प्रत उपलब्ध नाही. काही छायाचित्रे व जाहिराती तेवढ्या उरल्या आहेत.

याउलट उदाहरण मराठी वाङ्मयातच आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी श्रीचक्रधरस्वामींच्या आठवणी परिश्रमपूर्वक गोळा करून ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. पुढे दिल्लीच्या सुलतानाच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत मूळ पोथी नाहीशी झाली. तथापि, हिराइसा या साध्वीला तो ग्रंथ मुखोद्गत होता, असे महानुभाव परंपरा सांगते. अशा स्मरणाच्या आधारे तो पुन्हा लिहिला गेला. पोथी गेली, पण दुसरी प्रत मनुष्याच्या स्मरणात होती, म्हणून मराठीचा हा आद्य गद्यग्रंथ वाचला. मात्र निरनिराळ्या शिष्यांच्या आठवणींतून निरनिराळे पाठ निर्माण झाले, आणि मूळ शब्द कोणता, हे ठरविण्यासाठी अभ्यासकांना आजही कष्ट घ्यावे लागतात. मूळ प्रत जपण्याचे महत्त्व यावरून कळते.

हाच अनुभव आता एका सोप्या नियमात बांधला गेला आहे. पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकाराने तो प्रचारात आणला. प्रती तीन असाव्यात. त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात. आणि त्यांतील एक घराबाहेर असावी. एक प्रत मोबाइलवर, दुसरी पेन ड्राइव्हवर आणि तिसरी इंटरनेटवरील साठवणीत किंवा मामाच्या घरच्या संगणकावर ठेवली, तरी हा नियम पाळला जातो. घरास आग लागली अथवा पुराचे पाणी शिरले, तरी तिसरी प्रत सुरक्षित राहते. मात्र इंटरनेटवरील काही सोयी अशा असतात, की मोबाइलवरचे छायाचित्र पुसताच तिकडचेही पुसले जाते. त्यांच्यावर सर्व भिस्त ठेवू नये. तसेच वर्षातून एकदोन वेळा राखीव प्रती उघडून पाहाव्यात. न उघडलेल्या कणगीतील धान्यास कीड लागली, तर ती पेरणीच्या दिवशीच कळते!

या कामास मोठे धन लागत नाही; थोडी शिस्त आणि दर आठवड्यास अर्धा तास पुरेसा होतो. आपल्या पाठीमागून येणाऱ्यांनी आपली माणसे ओळखावीत, त्यांचे चेहरे पाहावेत, असे ज्याला वाटते, त्याने हा अर्धा तास अवश्य द्यावा.

स्वाध्याय
१. नावात वर्ष आधी लिहिल्याने कोणता लाभ होतो?
२. संस्कार नेहमी नकलेवर का करावेत?
३. ‘लीळाचरित्र’ कशामुळे वाचले? त्यावरून कोणता बोध होतो?
४. आपल्या घरातील सर्वांत जुन्या छायाचित्राची माहिती वडीलधाऱ्यांना विचारून लिहा.