चाळे नव्हेत, व्याधी आहे

गतवर्षीच्या पावसाळ्यातील गोष्ट. आमच्या धर्मग्रामातील दहा वर्षांचा एक वेदीसेवक मिस्साच्या वेळी एकसारख्या पापण्या मिचकावू लागला, खांदा उडवू लागला व मधूनच घशातून खाकरल्यासारखा आवाज काढू लागला. आम्ही त्याला प्रथम नजरेने दटावले, मग साक्रिस्तीत नेऊन चार शब्द सुनावले, आणि तरीही फरक पडेना तेव्हा काही आठवडे वेदीसेवेतून दूर ठेवले. "पवित्र स्थळी हे चाळे शोभतात का?" असे आम्ही विचारले, तेव्हा तो मान खाली घालून म्हणाला, "फादर, मी करीत नाही, ते होते."

त्या एका वाक्यात सारे निदान होते. आमचेच कान उघडे नव्हते.

पुढे त्याची आई आमच्याकडे आली. हातात साबुदाण्याएवढ्या साखरेच्या गोळ्यांची बाटली होती. सहा महिने होमिओपॅथीचे औषध चालू होते. मध्यंतरी उतार पडला होता, पुन्हा वाढले होते. "फादर, ह्याच गोळ्या चालू ठेवू काय, की बेळगावास मोठ्या डॉक्टरांकडे नेऊ?" हा प्रश्न आणखीही घरांतून विचारला जातो, म्हणून जाणत्या डॉक्टरांशी बोलून व वाचून जे समजले ते येथे मांडीत आहोत.

प्रथम व्याधीविषयी. अशा अनैच्छिक हालचालींना व आवाजांना डॉक्टर 'टिक' म्हणतात. हालचालींच्या टिक अनेक असतील, आवाजाची निदान एक असेल, आणि हा प्रकार वर्षाहून अधिक काळ चालला असेल, तर त्याला 'टुरेट सिंड्रोम' हे नाव आहे. पॅरिसच्या साल्पेत्रियेर रुग्णालयातील जॉर्ज जिल द ला तुरेत या डॉक्टरांनी १८८५ साली अशा नऊ रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यावरून हे नाव पडले. व्याधी मेंदूची आहे. ती बहुधा पाच ते सात वर्षांच्या वयात सुरू होते, दहा-बारा वर्षांच्या सुमारास जोर धरते आणि पुष्कळ मुलांत तारुण्यात पदार्पण होताना ओसरते. मुलींपेक्षा मुलांत ती तीन-चार पट अधिक आढळते. तोंडून अपशब्द निघणे हे या व्याधीचे लक्षण म्हणून गाजले असले तरी दहांपैकी नऊ रुग्णांत ते बहुधा नसतेच. यात भूतबाधा नाही, आईबापांचे पाप नाही आणि मुलाचा हट्टही नाही.

आता गोळ्यांविषयी. होमिओपॅथीचा आपल्या अनेक घरांत जिव्हाळा आहे, आणि त्याला कारणही आहे. जर्मन येशूसंघीय फादर ऑगस्टस म्युलर यांनी १८८० साली मंगळूरच्या कंकनाडी येथे गोरगरिबांना होमिओपॅथीची औषधे देण्यास आरंभ केला, आणि पुढे कुष्ठरोग्यांनाही आश्रय दिला. त्यांच्या सेवेविषयी आमच्या मनात आदरच आहे. परंतु सेवेचा आदर वेगळा आणि औषधाची पारख वेगळी.

या पद्धतीचे जनक जर्मन डॉक्टर सामुएल हानेमान (१७५५-१८४३). काट्याने काटा काढावा, तसे निरोग्यास जे लक्षण आणते तेच द्रव्य, अत्यल्प मात्रेत, त्या लक्षणाच्या रोग्यास द्यावे, हे त्यांचे सूत्र. म्हणून अंगाला आचके आणणाऱ्या विषारी अळंबीपासून 'अ‍ॅगॅरिकस', खुरासानी ओव्याच्या झाडापासून 'हायोसायमस', धोतऱ्यापासून 'स्ट्रॅमोनियम', तसेच जस्तापासून 'झिंकम' ही औषधे टिकवर सुचविली जातात. मूळ द्रव्याचा एक भाग नव्याण्णव भाग पाण्यात वा अल्कोहोलात मिसळावयाचा, त्यातला एक भाग पुन्हा नव्याण्णव भागांत, असे तीस वेळा केले की '३०' या अंकाचे औषध होते. शास्त्राच्या हिशेबाने सुमारे बाराव्या पायरीनंतरच मूळ द्रव्याचा कणही बहुधा उरत नाही. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य संशोधन परिषदेने २०१५ साली ६१ आजारांवरील प्रयोग तपासले. एकाही आजारावर होमिओपॅथी गुणकारी असल्याचा भरवशाचा पुरावा तिला आढळला नाही. टुरेटविषयीही तसा पुरावा नाही.

मग त्या मुलाला मध्यंतरी उतार कसा पडला? वाचकहो, मर्म येथेच आहे. टिकचा स्वभावच भरती-ओहोटीचा आहे. काही आठवडे वाढ, काही आठवडे उतार; पापणीची टिक जाऊन खांद्याची येते. आई औषधाला धावते ती भरतीच्या वेळी. पुढे ओहोटी येते आणि श्रेय गोळीला जाते. शिवाय होमिओपॅथ तासभर बसवून शांतपणे विचारपूस करतो, घरचे लोक रागावणे थांबवितात, मुलाच्या मनावरचा ताण हलका होतो. ताणाने टिक वाढते, म्हणून त्याचाही लाभ होतो. हा लाभ खरा आहे. मात्र तो बाटलीतला नव्हे.

"साखरच ना? मग अपाय काय?" असे कोणी विचारील. अपाय वेळ दवडण्यात आहे. युरोपात ज्याला पूर्वी संत व्हायटसचे नृत्य म्हणत, तो 'कोरिया' नावाचा विकार टिकसारखा भासतो, आणि होमिओपॅथीच्या ग्रंथांत दोहोंवर हीच औषधे सांगितलेली असतात. हा विकार घशाच्या एका जंतुसंसर्गानंतर काही आठवड्यांनी वा महिन्यांनी उद्भवतो, आणि त्याच संधिवाती ज्वराने हृदयाच्या झडपा कायमच्या बिघडू शकतात. त्या वाचविण्यासाठी वर्षानुवर्षे ठरावीक आठवड्यांनी पेनिसिलीनचे इंजेक्शन घ्यावे लागते. टिकमध्ये तीच ती हालचाल पुन्हा पुन्हा होते व मूल ती क्षणभर रोखू शकते. कोरियात हातपाय कसेही वळवळतात, हातातली वाटी पडते, अक्षर बिघडते, बोलणे अडखळते. अशी लक्षणे दिसली, सांधे सुजले किंवा शुद्ध हरपली, तर एक दिवसही न थांबता रुग्णालय गाठावे.

साध्या टिकवर दरवेळी औषध लागतेच असे नाही. त्रास होत असेल तर वर्तनोपचार आहे. टिक येण्यापूर्वी शिंकेपूर्वीसारखी हुरहुर जाणवते; ती ओळखून मुलाने त्या टिकला आड येणारी कृती करावयाची. खांदा उडत असेल तर तो सावकाश खाली दाबून धरावा; आवाज येत असेल तर तोंड मिटून नाकाने संथ श्वास घ्यावा. अमेरिकेत १२६ मुलांवर केलेल्या व २०१० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात या शिकवणीने निम्म्याहून अधिक मुलांना चांगला गुण आला. नुसत्या धीर देण्याने पाचांपैकी एकालाही जेमतेम आला. ही शिकवण जाणकाराकडूनच घ्यावी. घरी ती दटावणी होऊ नये. टिक तीव्र असल्यास क्लोनिडीन, ॲरिपिप्राझोल यांसारखी औषधे डॉक्टर देतात. ती मनाने सुरू करू नयेत आणि गोळ्यांच्या भरवशावर एकाएकी बंदही करू नयेत. क्लोनिडीन एकदम थांबविल्यास रक्तदाब उसळतो. अभ्यासात चंचलता किंवा मनात अनावर शंका असतील तर तेही सांगावे, कारण टिकपेक्षा त्यांचाच जाच पुष्कळदा अधिक असतो.

त्या आईला आम्ही एवढेच सांगितले की, आधी बेळगावास न्या. तेथील डॉक्टर काय म्हणतात ते ऐकून मग बाटलीचा विचार करा. हृदय तपासले, ते निर्दोष निघाले; निदान टुरेटचेच झाले. गुरुजींना चिठ्ठी गेली, वर्गातील नकला थांबल्या.

आम्ही त्या मुलाची क्षमा मागितली. आता तो पुन्हा घंटा वाजवितो. मिस्सा चालू असता अधूनमधून त्याचा आवाज येतो, परंतु मागे वळून कोणी पाहत नाही.