संकष्टीची रात्र आणि टांझानियाचे सिंह

मुलगी सहावीत गेली तरी रात्री एकटी मागच्या खोलीत जात नाही, तिची अंधाराची भीती कशी घालवावी, असं एका वाचक भगिनीने विचारलं आहे. भीती घालवता येते. पण लेकीला भित्री म्हणण्याआधी टांझानियातल्या सिंहांचं वेळापत्रक पाहावं.

सेरेंगेटीच्या सिंहांवर अनेक दशकं काम केलेल्या क्रेग पॅकर यांनी सहकाऱ्यांसह २०११ साली एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. टांझानियातल्या खेड्यांमध्ये १९८८ ते २००९ या काळात सिंहांनी हजाराहून अधिक माणसांवर हल्ले केले होते. त्यांच्या वेळा या मंडळींनी चंद्राच्या कलांशी ताडून पाहिल्या. बहुतेक हल्ले तिन्हीसांजेपासून रात्री दहापर्यंतचे निघाले. आणि सर्वांत घातक ठरल्या त्या पौर्णिमेच्या लगेच नंतरच्या रात्री!

संकष्टी करणाऱ्याला कारण चटकन कळेल. शुक्ल पक्षात सूर्य मावळताना चंद्र वर आलेला असतो. पौर्णिमेनंतर तो रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा उगवतो. चतुर्थीला उपास सोडायला नऊ वाजून जातात. दिवेलागणीपासून चंद्रोदयापर्यंत मिट्ट काळोख, आणि माणसं अजून अंगणात, वाटेवर, शेतात. शिवाय चांदण्यात सिंहाला शिकार नीट साधत नाही, म्हणून तो भुकेलेला. पॅकर यांच्या गटाने सिंहांच्या पोटांचा आकार पाहून ही भूकसुद्धा नोंदवली. किती साधी आणि देखणी युक्ती!

अर्थात हा पुरावा हल्ल्यांचा आहे, भीतीचा नव्हे. उत्क्रांतीच्या नावावर काहीही खपवलं जातं, त्याची मला चीड आहे. भीतीसाठी प्रयोगशाळेत जावं लागतं. अचानक मोठा आवाज झाला की डोळे मिटतात. डोळ्याखाली इलेक्ट्रोड लावून ही दचक मोजता येते. ख्रिस्तियन ग्रियों आणि सहकाऱ्यांना १९९७ साली आढळलं, की अंधारात माणूस जास्त दचकतो. त्याच वर्षी उंदरांबद्दल नेमकं उलट प्रसिद्ध झालं: ते लख्ख उजेडात जास्त दचकतात. रात्री वावरणाऱ्या जिवाला उजेड नकोसा, दिवसा वावरणाऱ्याला काळोख.

तेव्हा मुलीच्या खोलीत छोटा दिवा ठेवा, तो आठवड्या-आठवड्याने मंद करत न्या. आधी तिच्यासोबत जा, मग दारापर्यंतच. चिडवणं आणि अंधारात कोंडणं मात्र कटाक्षाने टाळा.

जुन्नरच्या उसाच्या पट्ट्यात तर या भीतीला अवाजवीही म्हणता येत नाही. तिथे बिबट्या आहे, आणि शेतीपंपाला वीज रात्री आली की दारं धरायला रात्रीच जावं लागतं. वीज दिवसा द्या, ही तिथल्या शेतकऱ्यांची मागणी आधी मान्य व्हायला हवी.