चाकू, विळा, कोयत्याला घरच्या घरी धार कशी लावाल?

बोथट हत्याराने मजुराचा हात दुखतो, तसेच पिकाचेही नुकसान होते. ऊसतोडीत बोथट कोयत्याने बुडखा पिचतो आणि खोडव्याचे फुटवे तिथूनच यायचे असतात. छाटणीत फांदी सोलली गेली तर जखम उशिरा भरते व रोगाला वाट मिळते. स्वस्त हत्यारालाही चांगली धार येते, फक्त ती लवकर जाते. म्हणून धार लावायचे काम स्वतःला जमायला हवे.

काय लागते?
एका बाजूने जाड, दुसऱ्या बाजूने बारीक असा धारेचा दगड, पाणी आणि जुना चामडी पट्टा. कोयत्याला सपाट कानसही लागेल.

चाकूला धार लावण्याची पद्धत
१. ओल्या कापडावर दगड ठेवावा, म्हणजे तो सरकत नाही. दगड ओला करावा.
२. पाते ३ सेंटीमीटर रुंद असेल तर पाठ १ सेंटीमीटर उचलावी. कोन सुमारे २० अंशांचा होतो. हा कोन शेवटपर्यंत बदलू नये. बहुतेकांची धार इथेच बिघडते.
३. दगडाचा पातळ काप काढत असल्यासारखे पाते पुढे सरकवावे.
४. दुसऱ्या बाजूला खरखरीत कड हाताला जाणवली की पाते उलटावे. बोट धारेच्या दिशेने फिरवू नये, पाठीकडून धारेकडे हळूच न्यावे.
५. बारीक बाजूवर हेच करून शेवटी पट्ट्यावर पाते पाठीच्या दिशेने ओढावे. खरखरीत कड निघून जाते.

कागद न फाटता कापला गेला, तर धार झाली.

इतर हत्यारे
- विळा: विळा स्थिर धरून दगड फिरवावा. उतार ज्या बाजूला असेल तिथेच घासावे. वैभव विळ्यासारख्या दातेरी पात्याला सपाट दगड लावू नये, दाते झिजतात.
- कोयता: पाठ पात्याच्या रुंदीच्या निम्मी उचलल्याएवढा, म्हणजे सुमारे ३० अंशांचा कोन ठेवावा. फार पातळ धार कठीण कांड्यावर लगेच मुडपते.
- छाटणीची कात्री: उताराची बाजूच घासावी. सपाट बाजूवर एक-दोनदा दगड फिरवून फक्त खरखर काढावी.

ग्राइंडर टाळा
पाते तापून निळसर झाले, तर त्याचे पाणी उतरले. तो भाग मऊ पडतो, मग धार टिकत नाही.

धारेनंतर
पाते धुऊन, पुसून तेलाचा हात द्यावा. तेलकट डाग असलेल्या डाळिंबाच्या बागेत एका झाडावरून दुसऱ्या झाडाकडे जाताना कात्री निर्जंतुक करावी. धारदार पण दूषित कात्री रोगच पसरवते.