कॉलेजं वाढली, पण वॉर्डात शिकवणार कोण?

येत्या १२ मे रोजी, फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या जन्मदिनी, ठिकठिकाणी दिवे लागतील, शपथ घेतली जाईल आणि भाषणं होतील. भाषणांत नव्या नर्सिंग कॉलेजांचा उल्लेख हमखास येईल. २०२३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात १५७ सरकारी नर्सिंग कॉलेजांची घोषणा झाली, मग १,५७० कोटी रुपये मंजूर झाले, आणि २०१४ नंतर उभ्या राहिलेल्या मेडिकल कॉलेजांच्या आवारातच ती काढायची असं ठरलं. हे आकडे वाचकांच्या डोळ्यांखालून गेलेले आहेत. जागा वाढताहेत ही चांगलीच गोष्ट आहे. पण या कॉलेजांतली मुलं-मुली पांढरा कोट चढवून वॉर्डात शिरतील तेव्हा त्यांच्या शेजारी कोण उभं असेल, हे मात्र कुठल्याच बातमीत नाही.

दुपारी दोनच्या सुमाराला कुठल्याही मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या सर्जिकल वॉर्डात जा. सकाळची ड्युटी संपत आलेली असते. रिपोर्ट बुक उघडून हँडओव्हर सुरू होतो. विद्यार्थिनी दोन पावलं मागे, हातात डायरी. ‘सात नंबर, आतड्याचं ऑपरेशन, दुसरा दिवस, सलाईन चालू, युरिन शंभर.’ पुढच्या पेशंटकडे वळायचं, एवढ्यात दुपारी आलेली सिस्टर थांबते. ‘शंभर? सकाळपासून?’ ती खाली वाकते, कॅथेटरची नळी कुठे दुमडली आहे का बघते, पोटाच्या खालच्या भागावर हात ठेवते, पेशंटला जीभ दाखवायला सांगते, तळपायाला हात लावते. ‘पाय गार लागताहेत. अगं, तू हात लावून बघ. आणि रेसिडेंटला बोलव, पळ.’

मोठ्या माणसाला तासाला निदान ३० मिलिलिटर लघवी व्हायला हवी, हे त्या मुलीने पुस्तकात वाचलेलं असतं. परीक्षेत तिने ते लिहिलेलंही असतं. पण सहा तासांत शंभर म्हणजे पेशंट कोरडा पडतोय किंवा आत कुठेतरी रक्तस्राव होतोय अशी शंका घ्यायची, आणि ती घेण्याआधी नळी दुमडलेली नाही ना याची खात्री करायची, हा क्रम तिला पुस्तकाने दिलेला नाही. तो त्या अर्ध्या मिनिटात तिच्या हाताला कळला. सिस्टरने ‘हात लावून बघ’ म्हटलं नसतं, तर विद्यार्थिनीने डायरीत ‘१००’ लिहिलं असतं आणि आठ नंबरकडे गेली असती.

या अर्ध्या मिनिटाचा शास्त्रशुद्ध अभ्यास अमेरिकेत पॅट्रिशिया बेनर या नर्सिंगच्या अभ्यासक बाईंनी केला. १९८४ मध्ये त्यांचं ‘फ्रॉम नॉव्हिस टू एक्स्पर्ट’ हे पुस्तक आलं आणि नर्सिंगच्या शिक्षणाबद्दल बोलायची भाषाच त्याने बदलली. माझ्या मते आपल्याकडच्या आरोग्य खात्यातल्या प्रत्येक अधिकाऱ्याने ते वाचायला हवं. बर्कलीचे ड्रेफस बंधू, एक तत्त्वज्ञ आणि एक गणिती, बुद्धिबळपटू आणि वैमानिक कौशल्य कसं कमावतात याचा अभ्यास करत होते. बेनर यांनी त्यांची मांडणी घेतली आणि थेट नर्सेसना विचारलं, तुमच्या कामातला एखादा प्रसंग सांगा. त्या प्रसंगांमधून त्यांना पाच पायऱ्या दिसल्या. नवशिकी नियम पाळते. थोडी सरावलेली प्रसंग ओळखायला लागते. एकाच प्रकारच्या कामात दोन-तीन वर्षं काढली की ती सक्षम होते, आज आधी काय आणि नंतर काय हे स्वतः ठरवते. त्यापुढची जाणती पेशंट अख्खा बघते. आणि निष्णात नर्सला नियमांची उजळणी करावी लागत नाही, गडबड आहे हे तिला मोजमापाच्या आधी दिसतं.

यातली दोन निरीक्षणं आपल्यासाठी फार मोलाची आहेत. पहिलं, निष्णात नर्सला आपल्याला काय येतं ते सांगता येत नाही. ‘मला बरं वाटेना’ एवढंच ती म्हणते. तिचं ज्ञान प्रसंगात दिसतं, भाषणात दिसत नाही. म्हणून तिला वर्गात नेऊन लेक्चर द्यायला लावण्यात अर्थ नाही, विद्यार्थ्यालाच तिच्या ड्युटीला बांधलं पाहिजे. दुसरं, निष्णातपण त्या-त्या कामापुरतं असतं. अतिदक्षता विभागात पंधरा वर्षं काढलेल्या नर्सला उद्या नवजात बालकांच्या कक्षात पाठवलं, तर ती पुन्हा पहिल्या पायरीवर येते. आपल्याकडे पोस्टिंग कशी बदलतात ते आठवा.

‘मला बरं वाटेना’ या वाक्याला ऑस्ट्रेलियात तर अधिकृत दर्जा मिळाला. १९९० च्या सुमारास सिडनीच्या लिव्हरपूल हॉस्पिटलमध्ये डॉ. केन हिलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेडिकल इमर्जन्सी टीम सुरू केली. हृदय बंद पडेपर्यंत थांबायचं नाही, पेशंट ढासळायला लागला की लगेच पथक बोलवायचं, हा त्यामागचा विचार. पथक कधी बोलवायचं याच्या निकषांत नाडी, रक्तदाब, श्वसन यांचे आकडे आले, आणि त्यांच्याबरोबरच पेशंटची गंभीर काळजी वाटणं हाही एक निकष झाला. आकडे सगळे ठीक असले तरी नर्सला काळजी वाटते, एवढं कारण पुरेसं. आपल्याकडे रात्री तीन वाजता रेसिडेंटला उठवून ‘सर, मला काळजी वाटते’ असं सांगायची हिंमत किती नर्सेस करू शकतात?

ही काळजी वाटायलाही डोळा तयार व्हावा लागतो, आणि त्याची सुरुवात श्वास मोजण्यापासून होते. पेशंट ढासळतो तेव्हा बहुतेक वेळा आधी श्वासाची गती वाढते, कधी कधी कित्येक तास आधी. आणि सगळ्या नोंदींत सगळ्यात कमी मोजला जातो तो श्वासच. टीपीआर (ताप, नाडी, श्वास) चार्टवर एका खालोखाल एक १८, २०, २०, १८ दिसतात, कारण पूर्ण मिनिटभर छातीकडे बघत उभं राहायला वेळ नसतो. नवीन विद्यार्थिनी ते बघते आणि तेच शिकते. एखादी सिस्टर मात्र विचारते, ‘वीस लिहिलंस, मोजलेस का?’ आणि नाडी धरल्याचं दाखवत श्वास कसे मोजायचे ते शिकवते, कारण पेशंटला कळलं की तो श्वास बदलतो. कुठल्या वॉर्डात कुठली सिस्टर भेटते, यावर आज त्या मुलीचं शिक्षण अवलंबून आहे.

अनुभवी आणि नवख्या नर्सेस एकत्र आल्या की काय घडू शकतं, याचं सर्वांत मोठं उदाहरण मुंबईतच आहे. आपण ते दुसऱ्याच कारणासाठी लक्षात ठेवलंय. नर्स अरुणा शानबाग म्हटलं की त्यांच्यावरचा २७ नोव्हेंबर १९७३ चा तो पाशवी हल्ला आणि दयामरणाचा खटला आठवतो. केईएम रुग्णालयात चार नंबर वॉर्डाला लागून असलेल्या खोलीत त्या १८ मे २०१५ पर्यंत होत्या. साडेएकेचाळीस वर्षं. ७ मार्च २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने नर्सेसच्या सेवेचा गौरव केला. इतकी वर्षं अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीच्या अंगावर एकही बेडसोर नाही, याची नोंद न्यायालयाच्या कागदपत्रांत आहे.

हे वाक्य आपण भारावून वाचतो आणि पुढे जातो. पण यामागचं काम काय होतं ते बघा. पडून असलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलायची. माकडहाड, कंबरेची हाडं, टाचा, खांदे, डोक्याची मागची बाजू, जिथे हाड आणि कातडी यांच्यात मांस कमी तिथे रोज बघायचं. पुस्तक सांगतं, लाल डाग दिसला तर बोटाने दाबा, लाली गेली नाही तर जखमेची सुरुवात समजा. पण पुस्तकातली चित्रं बहुतेक गोऱ्या कातडीची. आपल्या सावळ्या-काळ्या रंगावर ती लाली दिसतच नाही. तिथे हाताची पालथी बाजू लावून ऊब बघावी लागते, आजूबाजूपेक्षा जागा टणक किंवा भुसभुशीत लागते का ते चाचपावं लागतं. हे कुणीतरी हात धरून दाखवल्याशिवाय येत नाही.

चाळीस वर्षांत नर्सेसच्या कितीतरी बॅचेस तिथून गेल्या. १९७३ मध्ये स्टाफ नर्स असलेल्या निवृत्त झाल्या, तेव्हा जन्मही न झालेल्या मुली शिकून ड्युटीवर आल्या. नव्या विद्यार्थिनींना अरुणा शानबाग यांची ओळख करून दिली जाई, या आपल्यातल्याच एक आहेत असं सांगितलं जाई, हेही त्या खटल्याच्या कागदांत आहे. त्यांना मासे आवडतात, काय भरवलं की चेहरा खुलतो, हे एका बॅचने दुसरीला सांगितलं. हँडओव्हरच्या त्या अखंड साखळीमुळेच ती कातडी शाबूत राहिली. नर्सेसची माया त्यात होतीच. पण या गोष्टीला नुसती ममता म्हणणं मला त्या नर्सेसवर अन्याय केल्यासारखं वाटतं. ते उच्च दर्जाचं, पिढ्यान्‌पिढ्या हस्तांतरित झालेलं कौशल्य होतं.

ही साखळी टिकायची तर दोन्ही टोकांना माणसं हवीत, आणि नेमकं तिथेच आपण हात आखडता घेतोय. भारतीय नर्सिंग परिषदेच्या निकषांनुसार शिकवणाऱ्या रुग्णालयातल्या साध्या वॉर्डात तीन पेशंटमागे एक नर्स हवी. आपल्या सरकारी वॉर्डात रात्री एकटी सिस्टर तीस-चाळीस पेशंट बघताना दिसते, हे नातेवाईक म्हणून तिथे रात्र काढलेल्या कुणालाही ठाऊक आहे. लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्वेनियाच्या रुग्णालयांचा अभ्यास केला. नर्समागे एक पेशंट वाढला की शस्त्रक्रिया झालेल्या पेशंटच्या मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते, असं त्यांना आढळलं. जिला पेशंट बघायला वेळ नाही, ती विद्यार्थिनीला काय दाखवणार? मग ती विद्यार्थिनीला ब्लड बँकेत नमुना द्यायला, एक्स-रे आणायला पाठवते. लॉगबुकमध्ये सही मिळते, प्रोसिजर शिकून होत नाही.

त्यात कंत्राटी भरती. अकरा महिन्यांचा करार, मग खंड, मग पुन्हा करार. बेनर यांच्या हिशेबाने सक्षम व्हायला एकाच कामात दोन-तीन वर्षं लागतात, आणि माझ्या मते नवशिक्या मुलीला सगळ्यात चांगलं शिकवते ती हीच दोन-तीन वर्षांची ताई, कारण आपण कुठे अडखळलो होतो ते तिला अजून आठवत असतं. कराराने आपण नेमकी तीच मधली फळी कापून टाकतोय. मे २०२२ मध्ये राज्यातल्या परिचारिकांनी कंत्राटी भरतीविरुद्ध संप केला, तेव्हा त्याकडे पगाराचा वाद म्हणून बघितलं गेलं. तो शिक्षणाचाही प्रश्न होता. वॉर्डाविना कॉलेजं काढली की काय होतं, ते मध्य प्रदेशात दिसलं. तिथे उच्च न्यायालयाच्या आदेशावरून सीबीआयला नर्सिंग कॉलेजांची तपासणी करावी लागली.

शिकणं उलट्या दिशेनेही होतं, आणि त्याला आपल्याकडे अजिबात वाव नाही. नाकातून पोटात घातलेली नळी, वॉर्डाच्या भाषेत आरटी, जागेवर आहे का हे बघायची जुनी रीत म्हणजे सिरिंजने हवा मारायची आणि पोटावर स्टेथोस्कोप ठेवून आवाज ऐकायचा. कितीतरी सिस्टर्सनी आयुष्यभर हेच केलं. पण नळी चुकून श्वासनलिकेत गेली असली तरी तसाच आवाज येऊ शकतो, म्हणून ब्रिटनमध्ये २००५ सालीच या पद्धतीवर विसंबू नका असा इशारा दिला गेला. पोटातला द्रव ओढून पीएच कागदावर बघायचा, तो ५.५ किंवा त्याखाली आला तरच फीड द्यायचं, नाहीतर एक्स-रे काढायचा, ही आजची पद्धत. तिसऱ्या वर्षाच्या मुलीला हे माहीत असतं. सिस्टर हवा मारून ‘बरोबर आहे, फीड दे’ म्हणते तेव्हा ती गप्प राहते, कारण लॉगबुकवर सही त्याच सिस्टरची हवी असते. या गप्प राहण्याची किंमत पेशंट मोजतो.

ब्रिटनमध्ये २०१८ च्या नियमांनी हा पेच बऱ्याच अंशी सोडवला. वॉर्डात विद्यार्थ्याला शिकवणारी नर्स वेगळी आणि त्याचं मूल्यमापन करणारी वेगळी. शिवाय विद्यार्थ्याला वॉर्डाच्या मनुष्यबळात धरायचंच नाही. आपल्याकडे हे लगेच जमणार नाही, असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. १५७ कॉलेजं मेडिकल कॉलेजांना लागूनच काढायची ठरली आहेत, म्हणजे वॉर्ड आयता आहे. तिथल्या प्रत्येक वॉर्डात एका अनुभवी अधिपरिचारिकेच्या नावापुढे ड्युटी लिस्टमध्ये ‘विद्यार्थी’ असं लिहा, त्या दिवशी तिच्याकडचे पेशंट निम्मे करा आणि त्या कामाचा भत्ता द्या. लॉगबुकवर सही तिची असू दे, पण गुण कॉलेजातल्या पाठ्यनिर्देशिकेने, म्हणजे ट्यूटरने, द्यावेत. कॉलेजची तपासणी करायला येणाऱ्या पथकाने इमारत आणि लायब्ररी बघून झाल्यावर मागच्या महिन्याची ही ड्युटी लिस्ट मागावी, आणि ड्रेसिंग ट्रॉलीत पीएच कागदाचं पाकीट आहे का तेही उघडून बघावं.