जड भार, मंद गती आणि तेलाचा थर

जलविद्युत केंद्रातील मोठ्या जनित्राचा दंड बहुधा उभा असतो. जनित्राचा फिरता भाग, दंड आणि टर्बाइन यांचे वजन, शिवाय पाण्याचा रेटा, हे सारे एका धारव्याला म्हणजे बेअरिंगला पेलावे लागते. अमेरिकेत सस्क्वेहॅना नदीवरील होल्टवुड केंद्रात हा भार सुमारे २०० टन होता आणि वेग मिनिटाला अवघे ९४ फेरे. तेथील रोलर बेअरिंगे लवकर निकामी होत. १९१२ साली आल्बर्ट किंग्जबरी यांनी तेथे वेगळे बेअरिंग बसवले. त्यात गोळ्या नव्हत्या, रोलरही नव्हते. भार होता तेलाच्या थरावर!

एवढ्या वजनाखाली तेल बाहेर का फेकले जात नाही? गुळगुळीत फरशीवर कोरा कागद आडवा सोडला, तर तो सर्रकन दूर घसरतो. क्षणभर त्याला हवेचा थर उचलून धरतो. हा प्रयोग वर्गात करता येईल. बेअरिंगमध्ये दंडाची चकती फिरते. तिच्याखालचे धातूचे तुकडे टेकूवर असल्याने किंचित कलतात. चकती व तुकडा यांत पाचरीच्या आकाराची फट तयार होते. चकतीला चिकटलेले तेल तिच्याबरोबर या निमुळत्या फटीत ओढले जाते, तेथे त्याचा दाब वाढतो आणि तो दाब भार उचलतो. वंगण घर्षण कमी करते, एवढेच आपण शिकवतो. इथे ते खांबाचे काम करते. हा खांब मात्र वर्तमानपत्राच्या कागदाहून पातळ असतो.

अडचण मंद गतीत आहे. भार व तेलाचा दाटपणा तोच ठेवून वेग चौथा हिस्सा केला, तर थराची जाडी साधारण निम्मी होते. चक्र थांबत आले की धातूला धातू लागतो. म्हणून तुकड्यांवर कथिलाच्या मऊ मिश्रधातूचा लेप देतात, आणि यंत्र बंद करताना शेवटी ब्रेक लावून मंद गतीचा काळ आखूड करतात.

औष्णिक केंद्रात ही पळवाट नाही. बंद केलेल्या टर्बाइनचा तापलेला दंड तसाच पडू दिला तर तो वाकतो, म्हणून तो निवेपर्यंत कित्येक तास हळूहळू फिरवावा लागतो. त्या गतीला पुरेसा थर बनत नाही. अशा वेळी पंपाने उच्च दाबाचे तेल दंडाखाली घुसवून तो उचलून धरतात. आणि केंद्राचीच वीज गेली तर? त्यासाठी बेअरिंगांना तेल पुरवणारा एक पंप बॅटरीवर चालेल असा ठेवलेला असतो.