वेताळ टेकडीचा कातळ आणि शहराचे पाणी

पुण्यातील बालभारती ते पौड फाटा या नियोजित रस्त्याचा वाद पुन्हा ऐरणीवर आला असून, विधि महाविद्यालय रस्त्यावरील कोंडी कितपत सुटेल याचाच हिशेब जो तो मांडीत आहे. परंतु ज्या वेताळ टेकडीच्या अंगावरून तो जावयाचा, ती आतून कशी घडली आहे, याचा विचार क्वचितच होतो.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूपृष्ठाच्या भेगांतून वारंवार उसळलेल्या लाव्ह्याचे थर एकावर एक साचून आपले पठार सिद्ध झाले. टेकडीवरील जुन्या दगडखाणीच्या उभ्या भिंतीशी थांबावे, म्हणजे हा इतिहास नजरेच्या टप्प्यात येतो. घट्ट काळा पाषाण पाण्याला सहसा थारा देत नाही; मात्र त्याच्या भेगांतून, थरांच्या सांध्यांतून आणि वायूच्या बुडबुड्यांची छिद्रे वागविणाऱ्या, झिजलेल्या मांजऱ्या खडकातून पावसाचे पाणी मुरत, पाझरत पायथ्याच्या विहिरी व विंधनविहिरींकडे सरकते. पुण्यातील भूजलशास्त्रज्ञ हिमांशु कुलकर्णी आणि त्यांची 'ॲक्वाडॅम' ही संस्था यांनी हे अदृश्य शास्त्र सामान्य माणसाला उलगडून दाखविण्यासाठी वर्षानुवर्षे परिश्रम घेतले आहेत. भूजल ही ज्याच्या त्याच्या विहिरीपुरती खासगी मिळकत नसून सर्वांची सामाईक ठेव आहे, हे त्यांच्या कार्याचे सूत्र मला या वादात सर्वाधिक मोलाचे वाटते.

टेकडीवरील जीवसृष्टीही याच कातळाच्या आधाराने नांदते. खडकाच्या फटीत मूळ रोवून सालई उभी राहते, उथळ मातीवरच्या कुसळी गवतात तित्तिर दडतो, पहाटे मोर केकारव करतात, आणि पावसाळ्याच्या तोंडाशी नवरंग पक्षी झाडीत शीळ घालतो. येथे सरसकट लावलेल्या गिरिपुष्पाच्या गर्दीला वनसमृद्धी म्हणणे मला मान्य नाही. मूळ गवताळ माळ हेही या टेकडीचे वैभवच आहे.

१५ एप्रिल २०२३ रोजी हजारो पुणेकर टेकडीच्या रक्षणार्थ रस्त्यावर उतरले, ते केवळ प्रभातफेरीची जागा जाईल म्हणून नव्हे. वृक्ष तोडला तर दुसरा लावता येतो, परंतु सुरुंगाने फोडलेला जलवाही थर कोणत्याही अंदाजपत्रकातून पूर्ववत होत नाही. म्हणून महापालिकेने प्रथम टेकडीची थरनिहाय भूजल-पाहणी करवून तिचे नकाशे मराठीतून नागरिकांपुढे खुले ठेवावेत, आणि तोवर या कातळाला पहार लावू नये.