अनुकरणवाचक इंग्रजी शब्दांची कुळे

ॲरिस्टॉटलच्या ‘मायमेसिस’ या संज्ञेला आपण ‘अनुकृती’ म्हणतो. तिच्याशी संबद्ध ग्रीक ‘मिमोस’ म्हणजे सोंग वठवणारा नट. ‘माइम’ व ‘मिमिक’ हे इंग्रजी शब्द त्यातूनच आले. रिचर्ड डॉकिन्स यांनी १९७६ मध्ये घडवलेला ‘मीम’ हाही याच कुळातला. ‘इमिटेट’ मात्र लॅटिन ‘इमितारी’वरून आला; प्रतिमावाचक ‘इमागो’ त्याचा सगोत्र. ‘कॉपी’चे मूळ ‘कोपिया’ म्हणजे विपुलता. मध्ययुगीन लॅटिनमध्ये त्यास ‘लिहून काढलेली प्रत’ हा अर्थ लाभला.

ॲरिस्टॉटल शोकात्मिकेस कृतीची अनुकृती म्हणतो. त्यामुळे ‘मायमेसिस’चा अर्थ ‘नक्कल’ एवढाच घेतल्यास त्याचा सिद्धान्त निसटतो. काव्यशास्त्र अभ्यासताना नट आणि नकलनवीस यांतील हा भेद ध्यानी ठेवावा.